खाटेजवळचें बोलणें कोणाचें?

रोग्याच्या समाचारास जाणें हें आपल्या खेड्यापाड्यांतून जुनें व चांगलें वळण आहे. कोणी आजारी पडल्याचें कळलें म्हणजे शेजारी हातचें काम टाकून जातात. मंडळीचे वडील, उपदेशक व बायबल-बायाही जातात. आणि रोगी तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या रुग्णालयांत असला तर एस. टी. चें भाडें खर्चून लोक तेथें पोहोंचतात. परंतु तेथें गेल्यावर काय बोलावें, किती बोलावें व कोणाशीं बोलावें, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. हा केवळ रीतीभातीचा प्रश्न आहे असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तो नीतीचा प्रश्न वाटतो. आणि ज्यांचीं फुफ्फुसें दीर्घ दुखण्यानें निकामी होत चाललीं आहेत अशा रोग्यांविषयीं तर तो फारच तातडीचा आहे. म्हणून आज आम्ही तो वाचकांपुढें मांडीत आहों.

ज्या दुखण्याविषयीं आम्ही लिहीत आहों त्यास डॉक्टर लोक सी. ओ. पी. डी. असें म्हणतात. आपल्याकडे त्यास सरसकट 'दमा' म्हणण्याची चाल आहे, पण खरा दमा तो निराळा. दम्यांत आकसलेल्या श्वासनळ्या बहुधा औषधानें पुनः मोकळ्या होतात. ह्या दुखण्यांत नळ्या कायमच्या अरुंद होतात, व फुफ्फुसांतील हवेचे बारीक फुगे झिजून फाटतात. त्यामुळें आंत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाहीं. जुनी हवा कोंडून राहते व नव्या हवेस जागा उरत नाहीं. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, खाणींतील व कारखान्यांतील धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षय, हीं त्याचीं मुख्य कारणें होत. जन्मांत कधीं विडीस हात न लावलेल्या, पण तीस तीस वर्षें गोवऱ्या व काटक्या फुंकीत बसलेल्या कितीतरी बायांस तें जडतें. भारतांत २०१६ सालीं सुमारें ५.५ कोटि लोकांस हें दुखणें होतें असा शोधकांचा अंदाज आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२१ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें ३५ लाख माणसें त्यानें मरण पावलीं. औषधोपचारानें तें आटोक्यांत राहतें. समूळ जात नाहीं. म्हणून असा रोगी पुनः पुनः रुग्णालयाच्या खाटेवर येतो.

आतां बोलण्याचा व श्वासाचा संबंध पाहूं. आपण बोलतों तें बाहेर पडणाऱ्या श्वासावर. निरोगी मनुष्य एका श्वासांत लांबलचक वाक्य सहज बोलून जातो, व त्याची त्यास जाणीवही नसते. ज्याची धाप वाढली आहे त्यास तीन-चार शब्दांनंतर थांबावें लागतें. ती फारच वाढली तर एकेक शब्द सुटा येतो. रोग्यास एक वाक्य पुरें करतां येतें कीं नाहीं ह्यावरून डॉक्टरही दुखण्याचा जोर ओळखतात. ज्याच्या कनवटीस दहाच रुपये आहेत तो बाजारांत विचार करून खर्च करतो. तसा हा रोगी विचार करून बोलतो. त्याच्या मनांतला प्रश्न पुष्कळदां मनांतच राहतो; कारण तो विचारण्यापुरता श्वास जमेपर्यंत समोरचा मनुष्य निघून गेलेला असतो.

ह्यावरून आमचा प्रश्न उभा राहतो. खाटेजवळ जें बोलणें होतें त्यावर पहिला हक्क कोणाचा? ज्याच्यापाशीं श्वास पुष्कळ आहे त्याचा, कीं ज्याचें दुखणें आहे त्याचा? असें विचारलें तर प्रत्येक जण 'रोग्याचा' असेंच म्हणेल. परंतु आचरण पाहावें तर उलट दिसतें. डॉक्टर फेरीस येतात, खाटेच्या पायथ्याशीं उभे राहून कागद पाहतात, व 'रात्रीं झोंप लागली काय?' असें रोग्याच्या मुलास विचारतात. मुलगा रात्रभर बाहेरच्या ओसरीवर झोंपलेला होता, तरी तो 'होय साहेब' म्हणून मोकळा होतो. मग गांवकरी येतात. कोणी आपला मामा ह्याच दुखण्यानें कसा गेला तें सांगतो, कोणी अडुळशाचा काढा सुचवितो, कोणी शेताच्या वांटणीची गोष्ट काढतो. शेवटीं उपदेशक येतो. तो चांगला बोध करितो व लांब प्रार्थना करून निघून जातो. दिवसभर त्या खाटेभोंवतीं शब्दांचा पाऊस पडलेला असतो. आणि ज्याच्यासाठीं तो पडला त्यास मात्र 'उशी जरा वर करा' इतकेंही कोणास सांगतां आलेलें नसतें.

ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु असतो असें आमचें म्हणणें नाहीं. डॉक्टरांपुढें रोग्यांची रांग असते, एकेका परिचारिकेकडे पुष्कळ खाटा असतात, आणि 'वेळ नाहीं' हें त्यांचें उत्तर खोटें नव्हे. पण वेळ किती लागतो हें लोकांनीं मोजून पाहिलें आहे. अमेरिकेंत १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत असें आढळलें कीं, रोगी आपलें गाऱ्हाणें सांगूं लागल्यावर सरासरीनें १८ सेकंदांत डॉक्टर त्यास मध्येंच अडवीत. पुढें स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं डॉक्टरांस असें सांगण्यांत आलें कीं, रोगी आपण होऊन थांबेपर्यंत तुम्ही गप्प राहा. तेव्हां रोग्यांनीं सरासरीनें ९२ सेकंद घेतले. हा शोध २००२ सालचा आहे. ते रोगी दवाखान्यांत चालत आलेले होते. धापेच्या रोग्यास त्याहून अधिक वेळ लागेल हें उघड आहे. तथापि तिप्पट वेळ धरला तरी तो पांच मिनिटांच्या आंतला हिशेब आहे. तसेंच अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयांत डॉक्टर खाटेजवळ उभे राहिल्यास काय होतें व बसल्यास काय होतें हें ताडून पाहिलें, व तें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. डॉक्टर बसले तेव्हां ते अधिक वेळ थांबले असें रोग्यांस वाटलें; प्रत्यक्षांत ते अधिक वेळ थांबले नव्हते. जो बसतो तो ऐकण्यास आला आहे असें रोग्यास वाटतें, आणि जो उभा राहतो तो निघण्याच्या बेतांत आहे असें वाटतें.

छाती ऐकण्याची नळी आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यांत दिसते. फ्रान्स देशांतील रेने लेनेक ह्या डॉक्टरानें १८१६ सालीं प्रथम कागदाची सुरळी करून ती युक्ति काढली. फुफ्फुसांतील फुगे ताणून फाटण्याच्या ह्या विकाराचें वर्णन त्यानें १८१९ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें. आणि १८२६ सालीं तो स्वतः क्षयानें मरण पावला. त्याच्या नळीचे उपकार मोठे आहेत. परंतु धाप मनुष्यास किती छळते हें नळीनें कळत नाहीं. तें त्यालाच विचारावें लागतें. इंग्लंडांतील फुफ्फुसांचे नामांकित डॉक्टर चार्ल्स फ्लेचर ह्यांनीं वेल्समधील कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसांचा अभ्यास केला होता. धापेचें मोजमाप करण्यासाठीं त्यांनीं १९५२ सालीं साधे प्रश्नच पुढें मांडले: सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसाबरोबर चालतां येतें काय? थोडें चालल्यावर थांबावें लागतें काय? कपडे करतांना धाप लागते काय? तेच प्रश्न थोड्या फरकानें आजही जगभर विचारले जातात. पुढें १९७३ सालीं ह्याच फ्लेचर ह्यांनीं डॉक्टर व रोगी ह्यांच्यामधील बोलण्याविषयीं पुस्तक लिहिलें. आपल्या खेड्यांत हाच प्रश्न 'विहिरीपासून घरापर्यंत घागर आणतांना किती वेळां टेकावें लागतें?' असा विचारला, तर कोणतीही बाई त्याचें अचूक उत्तर देईल.

येथें आमच्या पाहण्यांतलें एक उदाहरण देतों. एका वृद्ध बाईस एका वर्षांत तीनदां रुग्णालयांत आणावें लागलें. 'औषध नियमानें घेतां काय?' असें प्रत्येक खेपेस विचारण्यांत येई, व तिचा मुलगा 'घेते' असें सांगे; कारण श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाचा पंप त्यानेंच विकत आणून दिला होता, व तो सदा तिच्या उशाशीं असे. तिसऱ्या खेपेस मुलगा औषधाच्या दुकानाकडे गेला असतां आम्ही तिच्याजवळ बसलों होतों. एक परिचारिका आली, स्टूल ओढून बसली, पंप बाईच्या हातांत दिला, आणि 'आजी, कसा घेतां तें मला दाखवा,' असें म्हणून थांबली. बाईनें पंप तोंडाशीं नेला. दाबला मात्र नाहीं. मग ठिकठिकाणीं दम खात ती म्हणाली, 'अंगठ्यांत... जोर नाहीं, बाई... दाबतच नाहीं... सांगूं कोणास?' संधिवातानें तिचीं बोटें वाकडीं झालीं होतीं. दोन्ही हातांनीं दाबावयास शिकविल्यावर, व पंपास प्लास्टिकचें नळकांडें जोडून दिल्यावर, तिचें काम भागलें. वर्षभर जें कोणास कळलें नाहीं तें कळावयास दोन मिनिटें पुरलीं. मुलगा खोटें बोलत नव्हता. त्यास ठाऊक नव्हतें, आणि जिला ठाऊक होतें तिला कोणी विचारलें नव्हतें.

तर मग बोलावें कसें? धाप जोराची असतां लांब प्रश्न विचारूं नयेत. एका वेळीं एकच विचारावा, व तो असा कीं मान हलवून अथवा हात दाबून उत्तर देतां येईल: 'दुखतें काय? पाणी देऊं काय? उठवून बसवूं काय?' तोंडावर प्राणवायूचा अथवा दुसऱ्या यंत्राचा मास्क असेल तर पाटी-पेन्सिल जवळ ठेवावी; ज्यास अक्षरओळख नाहीं त्याच्यासाठीं पाणी, लघवी, दुखणें, भीति, घरचें माणूस अशीं चित्रें काढलेला पुठ्ठा ठेवावा. असा पुठ्ठा शाळेंतील मूलही करून देईल. रोगी बोलतां बोलतां थांबला तर त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. तसें केल्यास तें आपल्या मनाचें वाक्य होतें. धाप शमल्यावर मात्र 'होय-नाहीं' चे प्रश्न बाजूस ठेवून, 'तुम्हांस सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो?' असें विचारावें व स्वस्थ बसावें. रोग्याची बोली अहिराणी, भिली किंवा कोंकणी असेल, व परिचारिका परप्रांतांतून आलेली असेल, तर उपदेशकानें दुभाष्याचें काम करावें. पण दुभाष्यानें जसाचा तसा निरोप पोहोंचवावा, पदरचें घालूं नये.

सांगण्याचीही एक रीत आहे. 'समजलें काय?' असें विचारलें म्हणजे आपले लोक मर्यादेनें 'समजलें' असेंच म्हणतात. त्याऐवजीं, 'मी नीट सांगितलें कीं नाहीं हें मला पाहूं द्या. घरीं गेल्यावर औषध कसें घ्याल तें सांगा,' असें म्हणावें. नीट न सांगितल्यानें किती अनर्थ होतो ह्याचा दाखला प्राणवायूंत मिळतो. रोगी तळमळत असला कीं घरचीं माणसें मायेपोटीं प्राणवायूची कळ मोठी करितात. परंतु ह्या दुखण्याच्या कांहीं रोग्यांस प्रमाणाबाहेर प्राणवायु दिला तर रक्तांत दुसरा विषारी वायु सांठतो, रोग्यास गुंगी येते व जिवावर बेततें. म्हणूनच बोटास लावलेल्या यंत्राचा आंकडा अशा रोग्यांत बहुधा ८८ ते ९२ ह्यांच्या दरम्यान ठेवितात. टास्मानिया बेटावर झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, प्राणवायु मापून दिलेल्या रोग्यांत मृत्यु पुष्कळ कमी झाल्याचें दिसून आलें. 'कळीस हात लावूं नका' असें दरडावून सांगितलें तर पाठ फिरतांच हात लागतो; कां लावूं नये हें समजावलें तर तोच मुलगा रात्रभर कळीची राखण करितो. 'पंपाची संवय लागते' ह्या भीतीचेंही तसेंच आहे. ती भीति हंसण्यावारी नेली तर रोगी गप्प बसतो, व घरीं जाऊन पंप कोनाड्यांत ठेवितो.

कोणी म्हणेल, 'ज्यास श्वास पुरत नाहीं त्यास बोलावयास लावणें ही दया कशी? आपणच बोलावें, म्हणजे त्यास विसांवा मिळेल.' ह्या आक्षेपांत तथ्य आहे. रोग्यास व्यर्थ बोलावयास लावणें हा खरोखर जुलूम होय. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, घरच्यांकडून, कागदांवरून, परिचारिकेकडून जें कळण्यासारखें आहे तें तेथूनच घ्यावें, आणि रोग्याचा श्वास त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणास सांगतां येणार नाहीं अशा गोष्टींसाठीं राखून ठेवावा. त्यास कशाची भीति वाटते, काय सोसवत नाहीं, काय पाहिजे आहे, हें तोच सांगूं शकतो. तें न विचारणें म्हणजे विसांवा देणें नव्हे. तो जिवंत असतांच त्यास बैठकींतून उठविणें होय.

आतां अधिक कठीण भागाकडे वळूं. 'आईस कांहीं सांगूं नका, ती खचून जाईल,' असें मुलें डॉक्टरांस कळवळून सांगतात. ह्या विनंतीमागें प्रेम असतें, आणि तिचा उपहास करूं नये. तरी ती मान्य करण्यापूर्वीं आमचें म्हणणें ऐकावें. पहिली गोष्ट ही कीं, ज्या बाईस गेल्या वर्षीं अंगणापर्यंत जातां येत होतें, व ह्या वर्षीं खाटेवरून उतरतांच धाप लागते, तिला आपल्या दुखण्याची वाट कोणीकडे आहे हें बहुधा कळलेलेंच असतें. आपण लपविलें म्हणजे ती अजाण राहते असें नव्हे; ती एकटी पडते. दुसरी गोष्ट, देशाचा कायदाही रोग्याच्या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयानें १६ जानेवारी २००८ रोजीं एका खटल्यांत असें ठरविलें कीं, समजत्या व प्रौढ रोग्याची संमति त्याची स्वतःचीच पाहिजे, व ती पुरेशी माहिती देऊन घेतलेली पाहिजे. त्या खटल्यांत शस्त्रक्रियेस आईनें दिलेली संमति प्रौढ मुलीच्या संमतीच्या जागीं चालली नाहीं. जें कन्येविषयीं खरें तें वृद्ध आईविषयीं अधिकच खरें.

पण सत्य सांगणें म्हणजे तें दगडासारखें अंगावर टाकणें नव्हे. 'दुखण्याविषयीं तुम्हांस किती जाणून घ्यावयाचें आहे?' असें आधीं विचारावें. कोणी 'सगळें सांगा' म्हणेल. कोणी 'माझ्या थोरल्यास सांगा, मला नको' म्हणेल. हें दुसरें उत्तरही तिचेंच आहे, व तें पाळावें. कारण तें तिनें दिलें आहे, दुसऱ्यानें तिच्यावर लादलेलें नाहीं. शिवाय ह्या दुखण्याचें सत्य केवळ काळेंकुट्ट नाहीं. त्याचा वेग मध्येंच वाढतो, पुनः ओसरतो. नेमका दिवस कोणीही सांगूं शकत नाहीं, आणि हेंही प्रामाणिकपणें सांगावें. विडी सोडणें, पंप नीट घेणें, लस टोंचून घेणें, झेपेल तसें रोज चालणें, ह्यांनीं पुढील दिवस सुसह्य होतात. आणि धाप शांत असतांच, 'पुढें फार बिघडलें तर घशांत नळी घालून यंत्रावर ठेवावें काय? शेवटचे दिवस कोठें काढावेसे वाटतात?' हेंही हळूच विचारून ठेवावें. आपली अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा प्रौढ माणसाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केला, व २०२३ सालीं त्याची पद्धत सोपी केली. धापेच्या भरांत हे प्रश्न विचारले तर उत्तर भीति देते.

आणखी एक दोष सांगावासा वाटतो, तो म्हणजे खाटेजवळचा ठपका. 'विडी ओढतांना कळलें नाहीं काय?' हें वाक्य आम्हीं अनेकांच्या तोंडीं ऐकलें आहे. ज्यानें विडी ओढली त्यास तें ठाऊक आहे, आणि तें ऐकल्यानें त्याचा एक श्वासही वाढत नाहीं. मात्र पुढच्या खेपेस तो खरें सांगत नाहीं. विडी सोडविणें अगत्याचें आहे. पण तें धाप बसल्यावर, 'सोडावयाची असेल तर आम्ही मदत करूं' असें म्हणून करावें. आणि चुलीपुढें आयुष्य घालविलेल्या बाईस कोणता ठपका देणार? तिनें तर आपल्या फुफ्फुसांच्या मोलानें घराची भाकर भाजली. ईयोबाचे मित्र त्याच्या समाचारास आले तेव्हां सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, हें वाचकांस ठाऊक आहे. तोंवर त्यांचें बरोबर होतें. दुःखाचें कारण त्याच्याच पापांत शोधून ते बोलूं लागले, तेव्हां ते चुकले.

उलट यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट पाहा. त्यास काय हवें होतें हें गर्दींतील कोणासही दिसत होतें, आणि गर्दीनें त्यास गप्प राहण्यास दटावलें. प्रभूनें मात्र त्यास जवळ बोलावून, आधीं त्याची इच्छा विचारली. उत्तर ठाऊक असतांही प्रश्न विचारणें हा त्या मनुष्याचा मान होता.

म्हणून मंडळीच्या वडिलांस, उपदेशकांस व बायबल-बायांस आमची विनंति आहे. पुढच्या खेपेस धापेच्या रोग्याच्या समाचारास जाल तेव्हां खाटेशेजारीं बसा, उभे राहूं नका. मुलाकडे नंतर वळा. आधीं रोग्याच्या डोळ्यांकडे पाहा. एक लहानसा प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत, मध्यें तीनदां दम घ्यावा लागला तरी, थांबा. 'प्रार्थना करूं काय?' हेंही विचारा, व केली तर त्याच्या श्वासाच्या मानानें थोडक्यांत करा. निघण्यापूर्वीं, 'डॉक्टरांस कांहीं विचारावयाचें राहिलें आहे काय?' असें विचारून, तें त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून त्याच्या उशाखालीं ठेवा, म्हणजे सकाळच्या फेरीच्या वेळीं श्वास पुरला नाहीं तरी तो कागद पुढें करतां येईल. ह्यास पैसा लागत नाहीं, मोठी विद्याही लागत नाहीं. आपल्या गांवांत असा एखादा रोगी आज खाटेवर असेलच. त्याच्यापासून आरंभ करावा.